मानेमागचं पाणी

माझ्या नवऱ्याच्या मते मी जन्मभर एकच काम केलं, अंधारात बसून काळा-पांढरा टीव्ही बघितला. तो बँकेत होता, त्यामुळे अशी विधानं करायचा आपल्याला अधिकार आहे असं त्याला वाटतं. मी रागावते, पण खोडून काढत नाही. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरचं आयुष्य खरोखरच एका लहानशा खोलीत, पडदे ओढून, एसीच्या गारठ्यात जातं. बाहेर डहाणूत चिकूचे टेम्पो भरले जात असतात, कुणाच्या घरी लग्नाचा मांडव पडत असतो, आणि आत मी कुणाच्या तरी पित्ताशयातल्या खड्यांशी डोळे बारीक करून भांडत असते. तरी त्या टीव्हीवर जे दिसलं त्यातलं एक माप मला अजून स्वप्नात येतं. ते माप दोन-अडीच मिलिमीटरचं. ज्वारीच्या दाण्याहूनही लहान. त्याच्यासाठी मी जितका घाम गाळला तितका मुलांच्या दहावी-बारावीलाही गाळला नाही.

२०१४ ते २०१९ ही पाच वर्षं माझा दिनक्रम ठरलेला होता. सकाळी डहाणूत माझं स्वतःचं सेंटर आणि आठवड्यातून दोन दुपारी तलासरीच्या एका लहान प्रसूतिगृहात. तिसरीकडे जायची सोय नाही, कारण कायद्याने आम्हाला जिल्ह्यात दोनच जागा मिळतात. हा तोच कायदा, ज्याच्यामुळे गर्भ मुलाचा की मुलीचा हे आम्ही सांगत नाही, सुचवत नाही, आणि कुणी पेढ्याच्या किंवा जिलेबीच्या आडून विचारलं तर त्याला दाराबाहेर काढतो. लग्नसमारंभात ओळख झाली की लोक पहिला प्रश्न तोच विचारतात, म्हणून हे आधीच लिहून टाकलं. आता मुद्द्याचं.

गर्भ साधारण अकरा ते चौदा आठवड्यांचा असतो तेव्हा त्याच्या मानेमागे, कातडीच्या खाली, थोडंसं पाणी साठतं. सगळ्याच गर्भांना साठतं, त्यात काही वाईट नाही. पडद्यावर ते दोन पांढऱ्या रेघांमधली काळी पट्टी असं दिसतं. ही पट्टी पातळ असली तर बहुधा सगळं ठीक. जाड असली तर मात्र सावध व्हायचं. गुणसूत्रांत काही गडबड असू शकते, हृदयाची घडण बिघडलेली असू शकते, आणि काहीच नसूही शकतं. म्हणजे हे माप निकाल देत नाही, संशय सांगतं. रात्री कुत्रं भुंकलं म्हणजे चोर आलाच असं नाही, पण उठून बघायला हवं, तसं. आईचं वय, रक्ताची तपासणी आणि हे माप एकत्र करून अंदाज बांधायचा. अंदाज वाईट आला तर सुई घालून करायची पक्की तपासणी, त्यासाठी आमच्याकडच्या लोकांना मुंबई किंवा सुरत गाठावी लागते.

हे माप घेणं म्हणजे लग्नाच्या फोटोत चुळबुळ्या पोराला सरळ उभं करण्यासारखं आहे. गर्भ बरोबर कुशीवरून दिसला पाहिजे, नाक समोर, पाठ मागे. मान खाली घातली की माप कमी येतं, डोकं मागे टाकलं की जास्त येतं. डोकं आणि छाती एवढंच दिसेल इतकं चित्र मोठं करायचं, आणि मोजायच्या खुणा पांढऱ्या रेघांच्या अगदी आतल्या कडेवर ठेवायच्या. थोडी खूण सरकली की एका घरातली झोप उडते. शिवाय गर्भ जसा वाढतो तसं हे पाणीही थोडं वाढतं, म्हणून आधी त्याची डोक्यापासून बुडापर्यंत लांबी मोजायची आणि त्या लांबीला हे पाणी चालेल का ते बघायचं. चौदा आठवडे उलटले की ते पाणी जिरायला लागतं आणि माप घेण्यात अर्थ राहत नाही. खिडकी एकदा बंद झाली की झाली.

आणि नेमकी हीच खिडकी आमच्या भागात सगळ्यात अवघड. कारण तीन महिने पुरे होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही, ही पद्धत. दृष्ट लागते. कोळीवाड्यात तीच, चिकूच्या वाड्यांमध्ये तीच, आणि डोंगराकडच्या पाड्यांवरही तीच. तीन महिने तोंडातून शब्द काढायचा नाही, मग ओटी भरायची, मग गावाला कळवायचं, आणि मग सावकाश डॉक्टरकडे यायचं. तोवर आमची खिडकी बंद.

धाकट्या डहाणूची एक मासेवाली माझ्याकडे लेकीला घेऊन आली. बाई दणकट, आवाज बंदरावरचा. म्हणाली, "पोरीच्या पोटात दुखतंय, जरा बघा."

मी बघितलं. पोटात दुखण्यासारखं काही नव्हतं, बारा आठवड्यांचा गर्भ मात्र मस्त पाय झाडत होता. मी म्हटलं, "मावशी, अहो हिला दिवस गेलेत."

"हळू बोला ना मॅडम!" बाई माझ्याच खोलीत मला दटावत म्हणाली. "मला काय म्हाईत नाय व्हय? बाहेर सगळा बाजार बसलाय."

बाहेर फक्त दोन बायका बसल्या होत्या, आणि त्यातली एक तिची सख्खी जाऊ होती. मी आवाज खाली आणून मानेमागच्या पाण्याचं सगळं समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मोजून झाला का?" मी म्हटलं, झालं, चांगलं आहे. तर म्हणाली, "मग बाहेर सांगा, गॅस झालाय." मी दारात उभी राहून गंभीर चेहऱ्याने गॅस झाल्याचं जाहीर केलं. जावेने मान हलवली आणि ओव्याचं पाणी सुचवलं. त्यानंतर धाकट्या डहाणूहून बाराव्या आठवड्याच्या पोटदुख्या नियमित यायला लागल्या. मी एकीलाही खोटं पाडलं नाही. माझी खिडकी सांभाळली जात होती, त्यांची पद्धतही.

पण सगळ्याच मापांचा शेवट असा हसण्यावारी जात नाही. रानशेतकडच्या एका शाळेत शिकवणाऱ्या बाई होत्या, पस्तिशी ओलांडलेल्या, लग्न उशिरा झालेलं. नवरा-बायको दोघं वेळेत आले, सगळं वाचून आले. मी प्रोब, म्हणजे मशीनचा पोटावर फिरवायचा भाग, ठेवला आणि पट्टी दिसली. जाड. मी दुसऱ्या बाजूने बघितलं, थांबून बघितलं, पुन्हा मोजलं. कुठूनही मोजा, जास्तच. मी एरवी तोंडाची टकळी चालू ठेवणारी बाई. पेशंटच्या सासरची चौकशी करता करता मूत्रपिंड बघून होतं माझं. त्या दिवशी खोलीत फक्त मशीनच्या पंख्याचा आवाज होता, आणि बाईंना तेवढ्यावरून कळलं.

त्यांना मुंबईला पाठवलं. तपासणीचा निकाल वाईट आला. पुढे काय करायचं ते त्या दोघांनी ठरवलं, आणि जे ठरवलं ते सोसलं. मला त्यांना द्यायला एका डॉक्टरचा पत्ता सोडून काहीही नव्हतं, याची रुखरुख अजून आहे. आपण वाईट बातमी अचूक सांगतो, हा काही फार मोठा गुण नव्हे. दोनेक वर्षांनी त्या पुन्हा आल्या. मी मोजलं, पट्टी पातळ होती, आणि मी नकळत त्यांना शाळेतल्या खिचडीबद्दल काहीतरी विचारलं. त्या एकदम रडायला लागल्या. म्हणाल्या, "तुम्ही बोलायला लागलात, म्हणजे बरं आहे." तेव्हापासून मी वाईट दिसलं तरी हवापाण्याचं बोलायचं ठरवलं. जमलं मात्र कधीच नाही.

आता जिच्यासाठी हा लेख लिहायला बसले ती उधव्याची जयवंती.

२०१८च्या दिवाळीनंतर आमच्या भागात जमीन हलायला लागली, हे वाचकांना आठवत असेल. डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात धक्के बसायचे. कधी भांडी वाजायची, कधी भिंतीला तडा जायचा. पाड्यापाड्यांवर लोक घराबाहेर प्लास्टिक आणि ताडपत्र्या बांधून थंडीत झोपत होते. तलासरीच्या प्रसूतिगृहात आम्हीही दाराला खुर्ची लावून ते उघडं ठेवत असू. माझ्या मदतनीस मालनताई दर धक्क्यानंतर भिंतीवरचं घड्याळ सरळ करायच्या, आणि मशीनवर हात फिरवून ते दचकलं नाही ना ते बघायच्या.

त्या हिवाळ्याच्या शेवटी एका दुपारी आशाताई सविता तिघांना घेऊन आली. आशाताई म्हणजे पाड्यावरच्या बायकांची, बाळंतपणांची काळजी वाहणारी आरोग्यसेविका. तिच्या मागे जयवंती, तिचा नवरा विलास आणि सासू. जयवंती बारीक अंगाची, बोटांनी पदराचं टोक पिळत उभी. विलास उंबरगावच्या एका कंपनीत कामाला. लग्नाला बरीच वर्षं झालेली, आधी दोनदा दिवस राहून गेलेले. तीन महिने टिकलेलं हे पहिलंच.

सविताने मला बाजूला घेतलं. "मॅडम, यांनी तिकडं सोनोग्राफी केली. मानेत पाणी जास्त हाय बोलले. उद्या पाडायला घेऊन जातात. विलासनं सुट्टी पण टाकली. म्या बोलली, एकदा आमच्या मॅडमला दाखवा, मग जा."

तिकडं म्हणजे सीमेपलीकडे कुठेतरी. आमच्या उधव्याच्या माणसाला गुजरात पाठीमागच्या अंगणासारखं आहे, त्यात नवल नाही. तिथल्या डॉक्टरांनी माप चार मिलिमीटरच्या वर सांगितलं होतं आणि मोठ्या शहरात जाऊन पक्की तपासणी करा असंही सांगितलं होतं, हे मला विलासला खोदून विचारल्यावर कळलं. पण मोठं शहर, सुई, पोटात सुई, हे घरी पोचेपर्यंत गळून गेलं आणि "पोरात खोट हाय" एवढंच उरलं. मग पाड्यावरच्या चार शहाण्यांनी उरलेलं ठरवलं.

सासूबाईंचं वेगळंच म्हणणं होतं. त्या माझ्यासमोर स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, भुई हलतं ना, त्यानं झाला. घागर हलवली का पाणी वर येतं. तसा पोराच्या मानेत गेला."

"आजी, तसं नसतं हो."

"मग कसा असतं?"

मी म्हटलं, बघू या.

जयवंतीला झोपवलं, जेल लावलं, दिवे मालवले. गर्भाची लांबी मोजली. तेराव्या आठवड्याच्या पार टोकाला. आणखी थोडे दिवस गेले असते तर माझ्या मापाला काही किंमत राहिली नसती. मग मान. गर्भ पाठीवर छान पसरून झोपला होता, नाक वर, हात तोंडाशी. मानेमागे काळी पट्टी होती. आणि ती जाड होती. चार मिलिमीटरच्या वरच.

मी गप्प झाले. सविताने माझ्याकडे बघितलं, मालनताईंनी बघितलं. त्या दोघी मला ओळखत होत्या.

पण मला काहीतरी खटकत होतं. मानेमागची ती बाहेरची पांढरी रेघ, जिला तिकडच्या डॉक्टरांनी कातडी धरलं होतं, ती पाठीवरून खाली येत होती ते ठीक. कातडी असती तर ती बुडापाशी वळून गर्भाच्या अंगाबरोबर गेली असती. ही वळत नव्हती. ती आपली सरळ पुढे निघून जात होती, गर्भाचा आणि तिचा काही संबंध नसल्यासारखी.

इथे थोडं थांबून सांगायला हवं. गर्भ पाण्याच्या पिशवीत असतो, हे सगळ्यांना माहीत आहे. त्या पिशवीचं आतलं पातळ अस्तर सुरुवातीच्या महिन्यांत बाहेरच्या अस्तराला चिकटलेलं नसतं. ते आत सैल तरंगत असतं. गर्भ त्याच्यावर पाठ टेकून झोपला की ते त्याच्या पाठीला समांतर दिसतं, अगदी कातडीसारखं. आमच्या धंद्यातली ही जुनी फसगत आहे. भलेभले फसतात, आणि त्यात हलगर्जीपणा असतोच असं नाही. तिकडच्या डॉक्टरांना मी नावं ठेवत नाही. गर्भ तेव्हाही असाच पाठ टेकून झोपला असेल, बाहेर रांग असेल, आणि पडद्यावर दोन पांढऱ्या रेघा लख्ख दिसत असतील.

पण संशय येणं वेगळं आणि सिद्ध करणं वेगळं. ते अस्तर आहे हे कळायला गर्भाने त्याच्यावरून उठायला हवं. तो हलला आणि रेघ जागेवरच राहिली, तर ते अस्तर. रेघ त्याच्याबरोबर हलली, तर ती कातडी, आणि मग उद्याचा दिवस थांबवायला माझ्याकडे काही नव्हतं. मला त्या चौघांना आशा दाखवायचीही भीती वाटत होती. आधी दाखवायची आणि मग काढून घ्यायची, त्यापेक्षा क्रूर काही नाही. म्हणून ओठ घट्ट मिटून मी त्या पोराच्या मागे लागले.

"खोकून दाखव," मी जयवंतीला म्हटलं. ती खोकली. गर्भ झोपलेला.

"डाव्या कुशीवर हो. आता उजव्या." ती झाली. गर्भ झोपलेला.

मी प्रोबने पोटाला हलके धक्के दिले. त्याने हात तोंडापासून काढून पुन्हा तोंडाशी नेला आणि झोपला. "बाथरूमला जाऊन ये, जरा फेऱ्या मार, जिना चढउतार कर," म्हटलं. ती जाऊन आली. मधल्या वेळात मी दुसरे दोन पेशंट बघितले, आणि त्यांच्याशी काय बोलले ते देव जाणे. जयवंती परत टेबलावर आली, मी प्रोब ठेवला. महाराज तसेच.

"मॅडम, काय करता तुम्ही?" विलासने दारातून विचारलं. "दुसऱ्यांदा बघितला तरी तेच हाय ना?"

"तेच आहे की नाही तेच बघतेय."

"मग आम्ही जातो. गाडी जाईल."

"बसा!" मी ओरडले. मी पेशंटच्या नातेवाइकांवर ओरडत नाही, पण ओरडले. "उद्या सुट्टी टाकलीत ना? मग आज गाडीची काय घाई आहे?"

तो दारातच टेकला. सासूबाई पुटपुटत होत्या. मी पुन्हा प्रोब ठेवला आणि त्या पाठ टेकून पसरलेल्या जिवाला मनातल्या मनात म्हटलं, अरे ऊठ रे बाबा, तुझ्याच भल्याचं आहे.

आणि तेव्हा जमीन हलली.

आधी मशीनवरच्या जेलच्या बाटल्या एकमेकींना लागून खुळखुळल्या, मग खिडकी थरथरली, मग बाहेरून कुणीतरी "चला चला" असं ओरडलं. मालनताईंनी जयवंतीचा दंड धरला, सविताने दुसरा, आणि आम्ही सगळे बाहेर पळालो. मी प्रोब हातात घेऊनच निघाले होते. वायर ताणली तेव्हा लक्षात आलं आणि तो ठेवायला परत वळले. मालनताई दारातून ओरडल्या, "मॅडम, मशीनचा जीव की तुमचा?" मी कबूल करते की उत्तर द्यायला मला एक क्षण लागला.

अंगणात सगळे जमले. ओल्या बाळंतिणी, त्यांच्या आया, केस पेपर हातात धरलेले म्हातारे, आणि मध्येच एक शेळी. जयवंती पोटावरचं जेल साडीच्या पदराने झाकत उभी होती. पळून तिला दम लागला होता, त्यात ती भीतीने थंड पडलेली. सासूने तिला कवेत घट्ट धरलं होतं. तोवर मला सासूबाई पोर पाडायला निघालेली बाई वाटत होती. त्या अंगणात मला दिसलं की ती बाई सुनेपेक्षाही जास्त घाबरली होती, भूकंपाला नाही, सुनेच्या जिवासाठी.

धक्का लहानच होता. जरा वेळाने लोक हसायला लागले, शेळी निघून गेली, आम्ही आत आलो. मालनताईंनी घड्याळ सरळ केलं. मी जयवंतीला पुन्हा टेबलावर घेतलं आणि प्रोब ठेवला.

गर्भ जागा होता. नुसता जागा नाही, कुशीवर वळला होता आणि पाय झाडत होता. आणि ती पांढरी रेघ होती तिथेच होती, एकटी, मोकळी, त्याच्यापासून चांगली लांब. त्याच्या स्वतःच्या मानेमागे त्याची स्वतःची पट्टी होती. पातळ. मी मोजली. पुन्हा मोजली. मशीनवर चित्र थांबवून, मोठं करून, खुणा आतल्या कडांवर नेऊन पुन्हा मोजली. सगळ्यात मोठं माप आलं ते दीड मिलिमीटरच्या आसपास. नाकाचं हाड दिसत होतं, तेही चांगलं लक्षण. छातीत हृदय टकटक करत होतं.

"मॅडम," मालनताई हळूच म्हणाल्या, "भूकंप थांबला. तुमचे हात अजून हलतायत."

हलत होते खरेच. मी प्रोब बाजूला ठेवला, खुर्चीत मागे टेकले आणि मोठ्यानं हुश्श केलं. मग माझी टकळी जी सुटली ती आवरेना. मी विलासला आत बोलावलं, सासूबाईंना स्टूल जवळ ओढायला लावलं आणि मशीनमध्ये साठवलेली चित्रं एकेक करून दाखवली. हे आधीचं, हे आत्ताचं. ही रेघ बघा, ही पोराची नाहीच.

सासूबाईंनी डोळे बारीक केले. "मग कोणाची?"

"आजी, पोर पाठीवर झोपलं होतं ना, ते त्याच्या अंथरुणावर. ही रेघ अंथरुणाची. मोजताना ते अंथरूण पोरातच धरलं गेलं."

आजींनी थोडा विचार केला. "म्हणजे गोधडीसकट मोजला?"

"गोधडीसकट मोजलं!"

इतकं नेमकं मला वीस वर्षं माझ्याकडे शिकायला येणाऱ्या डॉक्टरांना सांगता आलं नव्हतं. आजी हसल्या, मग हसता हसता डोळे पुसायला लागल्या. विलास चित्राकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मग उद्या?"

"उद्या कामावर जा. सुट्टी रद्द कर." आणि मग, माझा आनंद जरा आवरून, मी त्याला कामाचं सांगितलं. हे माप चांगलं आलं म्हणजे सगळ्याची हमी मिळाली असं नाही. रक्ताची तपासणी याच आठवड्यात करायची, पाचव्या महिन्यात पुन्हा सोनोग्राफी, तेव्हा हृदय नीट बघायचं. तो मान डोलवत होता. सविताने त्याच्या खांद्यावर थाप मारून सांगितलं, "मी आणते यांना, मॅडम." आणि तिने आणलं. रक्ताची तपासणी चांगली आली, पाचव्या महिन्यात हृदयाचे चारही कप्पे नीट दिसले, आणि पावसाळ्यात जयवंती सुखरूप बाळंत झाली. मुलगा की मुलगी ते मला सविताने फोनवर सांगितलं, पण मी इथेही लिहिणार नाही. सवय.

उधव्यात मात्र या गोष्टीचं श्रेय मला मिळालं नाही. आजींनी सगळ्या पाड्याला सांगितलं की भुईनं पोर वळवला. मी सविताकरवी निरोप धाडला की पोर धक्क्याने नाही, आईच्या पळापळीने जागं झालं. आजींचा उलटा निरोप आला, पळायला कोणी लावला? मी वाद सोडून दिला.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी विलास आणि आजी बाहेर गेले, सविता रक्ताच्या तपासणीचं विचारायला गेली, आणि खोलीत जयवंती आणि मी उरलो. मी तिला जेल पुसायला कागद दिला. तिने तो घेतला, पण पुसलं नाही. हातात धरून पडून राहिली. आल्यापासून ही बाई एक अक्षर बोलली नव्हती, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. मी सासूशी बोलले, नवऱ्यावर ओरडले, पोराची मनधरणी केली. तिला फक्त खोक आणि वळ एवढंच सांगितलं होतं.

"बरं वाटतंय ना?" मी विचारलं.

"मॅडम, म्या नाय बघितला."

"काय नाही बघितलं?"

"पोराला. तिकडं पण नाय, इथं पण नाय. तुम्ही टीव्ही दाखवत होता तवा पण डोळं मिटून होती." तिचा आवाज इतका बारीक होता की मला वाकावं लागलं. "उद्या जायचा होता ना तो. बघितला असता, तर मग मना सोडवला नसता."

ती छताकडे बघत होती. मग तिने मान माझ्याकडे वळवली.

"आता बघू?"

बाहेर सोनोग्राफीसाठी पाणी पिऊन पोट फुगवून बसलेल्या बायकांची चुळबुळ ऐकू येत होती. मी दार लावून घेतलं, दिवे पुन्हा मालवले, आणि पडदा तिच्याकडे फिरवला.